दाराएवढं अंतर : दक्षिण नागपुरातल्या एका सायकल अपघाताचा अभ्यास

या प्रकरणात तीन वाहनं होती. पोलिसांच्या कागदावर दोनच आली. तिसऱ्याचा नंबर कोणी घेतला नाही, कारण ते कोणाला धडकलं नाही, त्याला ओरखडाही आला नाही. त्याने फक्त हॉर्न वाजवला आणि निघून गेलं. हे टिपण लिहायला बसलो तो त्या हॉर्नमुळे.

आधी माझं नातं सांगतो. ज्यांच्या गाडीच्या दाराला सायकल धडकली त्या माझ्या शेजारी राहतात, मी त्यांना वहिनी म्हणतो. सायकलवाल्या काकांची ओळख त्या संध्याकाळनंतर झाली आणि आता येणं-जाणं आहे. मी स्वतः आठवड्याचे पाच दिवस कार चालवतो आणि रविवारी सायकल, त्यामुळे दोन्हीकडचं बोलणं मला आतून कळतं. नावं न देता लिहा असं दोघांनीही सांगितलं. रस्त्याचं नावही देत नाही, तिथलं औषधाचं दुकान आणि पानठेला एवढ्यावरून लोक माणसं ओळखतील. मेडिकल चौकाच्या दक्षिणेकडचा, मध्ये डिव्हायडर असलेला सिमेंटचा रस्ता, एवढं पुरे.

काका आणि वहिनी

काका 54 वर्षांचे. धंतोलीतल्या एका छापखान्यात बाइंडिंगचं काम करतात. घर हुडकेश्वरकडे. मेडिकल चौक, तुकडोजी पुतळा, मानेवाडा चौक, म्हाळगीनगर असा रोजचा रस्ता, एका बाजूने साधारण आठ किलोमीटर. मेट्रो त्या बाजूने जात नाही. बस मिळते, पण छापखान्यातून सुटायची वेळ ठरलेली नसते, म्हणून सायकल. 28 इंची काळी, 22 वर्षांपूर्वी घेतलेली. कॅरिअरवर जुन्या ट्यूबची पट्टी ताणून त्यात डबा अडकवलेला. घंटी खणखणीत वाजते, ब्रेकचे रबर ते स्वतः बदलतात. मागचा रिफ्लेक्टर मात्र कधीतरी फुटून पडला होता, आणि दिवा त्या सायकलला कधीच नव्हता.

काम नगावर मिळतं. डिसेंबर म्हणजे त्यांच्या धंद्याचा मोसम. डायऱ्या, कॅलेंडरं, नव्या वर्षाच्या वह्या. दोन महिन्यांत जेवढी कमाई होते तेवढी पुढे उन्हाळ्यात चार महिने होत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

वहिनी शाळेत गणित शिकवतात. गाडी चालवायला लागून नऊ वर्षं झाली, चालान एकदाही नाही. त्या दिवशी सासूबाईंची रक्तदाबाची गोळी संपली होती. दुकानासमोर आधीच गाड्यांची एक रांग लागलेली, अर्धी चाकं गट्टूवर (कडेच्या पेव्हर ब्लॉकवर), अर्धी सिमेंटवर. वहिनींनी त्या रांगेच्या बाहेरच्या अंगाला आपली गाडी लावली. त्यांच्यापुढे आणखी एकाने तशीच लावलेली होती. दोन मिनिटांचं काम म्हणून आपण सगळेच हे करतो, मीही केलंय. दुहेरी रांग लावायला वाहतुकीच्या नियमांत मनाई आहे, आणि गाडी धोका किंवा अडथळा होईल अशी उभी करू नये हे मोटार वाहन कायद्याचं कलम 122 सांगतं. पण दुकानासमोर उभं राहिल्यावर हे कोणाला आठवतं?

काय झालं

डिसेंबरातला बुधवार, संध्याकाळचे पावणेसात. अंधार पडून तास उलटून गेलेला. हिवाळी अधिवेशनाचा आठवडा होता. नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. विधान भवनाकडचे रस्ते बंद, मोर्चे, बॅरिकेड, आणि सगळी वाहतूक आतल्या रस्त्यांवर वळलेली. घरी जाणारा प्रत्येक माणूस अर्धा तास उशिराने धावत होता.

काका रस्त्याच्या डाव्या भागात, पण रांगेपासून अंतर ठेवून येत होते. अंगात गडद निळं स्वेटर, डोक्याला कानटोपी. मागे एक पांढरी कार आली. पानठेल्यावर उभ्या असलेल्या दोघांनी आणि काकांनी स्वतंत्रपणे सांगितलं की तिने तीनदा तरी हॉर्न दिला, शेवटचा लांबलचक.

काकांचे शब्द मी तसेच उतरवून घेतले: “एकसारखा वाजवून राहिला होता. मी म्हटलं, जाऊ दे बाप्पा याले, याले घाई आहे. डाव्या अंगाले घेतली. तो गेला. अन् दार. दार दिसलंच नाही मले, आवाज आला फक्त.”

आता वहिनींचं ऐका. “मी आरशात बघितलं हो. बघितलं नाही असं नाही. मागून दिवे येत होते, म्हणून थांबले. ती गाडी निघून गेली, आता मोकळं आहे असं वाटलं, आणि दार उघडलं.”

दोघंही खरं बोलतात. मला हे समजायला चार दिवस लागले, आणि समजल्यावर या अपघाताकडे बघायची माझी नजर बदलली.

दाराची कड सायकलच्या हँडलच्या डाव्या टोकाला लागली. डावं टोक मागे ढकललं गेलं की पुढचं चाक झटकन डावीकडे वळतं, आणि वरचा माणूस उजवीकडे फेकला जातो. म्हणजे चालत्या रस्त्याच्या बाजूला. काका उजव्या खांद्यावर पडले. डबा सुटून डिव्हायडरपर्यंत घरंगळत गेला. मागून येणाऱ्या एका ऑटोवाल्याने ब्रेक मारला आणि शहाणपणा असा केला की ऑटो आडवा घालून मागची सगळी वाहतूक अडवली. तो ऑटो आडवा नसता तर हे टिपण वेगळं झालं असतं.

रस्त्यावरचं भांडण

गर्दी जमायला मिनिट लागलं नाही, आणि जमताच तिचे दोन तट पडले. एक बाजू वहिनींवर तुटून पडली: “मॅडम, आरसा कशाले दिला आहे गाडीले?” दुसरी काकांवर, तेही जमिनीवर बसलेले असताना: “काका, अंधारात दिवा नाही, काही नाही, अन् रस्त्याच्या मधातून काहून चालवता जी? कडेने चालवा ना.”

ऑटोवाला म्हणाला, “भांडण मंग करा. आधी माणूस उचला.”

त्यानेच काकांना उचलून दवाखान्यात नेलं, वहिनी मागोमाग. त्याने पैसे घेतले नाहीत, नावही सांगितलं नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात कलम 134अ आलंय. जखमीला मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही आणि चांगल्या हेतूने केलेल्या मदतीबद्दल त्याला जबाबदारही धरता येत नाही. हे त्याला माहीत होतं की नाही, कोण जाणे. त्याने केलं.

पण “कडेने चालवा” हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण काका अपघाताच्या क्षणी कडेनेच चालवत होते. मधून चालवत होते तोवर त्यांना काही झालं नव्हतं.

टेप घेऊन

पुढच्या रविवारी सकाळी साडेसहाला मी, वहिनी आणि काकांचा मुलगा त्या जागी गेलो. रस्ता रिकामा होता. वहिनींनी गाडी त्याच ठिकाणी लावली, पहिल्या रांगेच्या जागी आम्ही विटा ठेवल्या. वीस मीटरची टेप शेजारच्या सुताराकडून आणली होती.

डिव्हायडरपासून सिमेंटच्या कडेपर्यंत सात मीटरच्या आसपास. गट्टूवर अर्ध्या चढलेल्या पहिल्या रांगेने त्यातले सव्वा मीटर खाल्ले. दुसऱ्या रांगेने, म्हणजे वहिनींच्या गाडीने, आणखी पावणेदोन. उरले चार. गाडीचं दार पूर्ण उघडलं की बाहेर 90 सेंटिमीटर येतं, ते आम्ही तीनदा मोजलं. उरले तीन मीटर आणि वर थोडं. आरशांसकट एक कार दोन मीटर धरा, सायकलचं हँडल 60 सेंटिमीटर. म्हणजे सायकलवाला दारापासून सुरक्षित अंतर ठेवून चालला, तर त्याच्या आणि ओलांडणाऱ्या कारच्या मध्ये जेमतेम अर्धा मीटर राहतो. जर्मनीत 2020 पासून गावात सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडणं सक्तीचं आहे. इथे अर्धा मीटर, आणि तोही डिव्हायडरला घासत.

म्हणजे त्या तुकड्यात सायकल आणि कार शेजारी-शेजारी मावतच नाहीत. कोणीतरी मागे राहायला हवं. आणि मागे कोणी राहायचं, हे हॉर्नने ठरवलं.

मग काकांच्या मुलाने विचारलं, “किती वेळ थांबावं लागलं असतं त्याला?” बाहेरच्या रांगेत दोनच गाड्या होत्या, लांबी मोजली तर साधारण बारा मीटर. काकांचा वेग ताशी पंधरा किलोमीटर धरला तर सेकंदाला चार मीटरपेक्षा थोडं जास्त. बारा मीटरला तीन सेकंद. वहिनी गणिताच्या शिक्षिका, त्यांनी फोनवर हिशोब केला आणि मग फोन खाली ठेवून काही वेळ बोलल्याच नाहीत.

तीन सेकंद. पानठेल्यावर सुटे पैसे मोजायला याहून जास्त लागतात.

दुसरा हिशोबही त्यांनीच मांडला. पांढरी कार ताशी 35 ने जात असेल तर सेकंदाला पावणेदहा मीटर. तिने काकांना दारापासून सहा मीटरवर ओलांडलं असं समजू. तिला दारापर्यंत यायला सेकंदाहून कमी लागला, तेवढ्यात काका अडीच मीटर पुढे सरकले, म्हणजे दारापासून साडेतीन मीटरवर आले. वहिनींनी ती कार गेल्याचं बघून दार उघडलं तेव्हा काकांकडे एक सेकंदसुद्धा नव्हता. माणसाला धोका दिसून हात ब्रेकवर जायलाच साधारण एक सेकंद लागतो. कितीही सराईत सायकलपटू असता तरी तिथे वाचला नसता.

आणि आरसा? कारच्या दोन हेडलाइटच्या झगमगाटात पुढची गडद आकृती दिसत नाही. संध्याकाळी आम्ही तेही करून पाहिलं. मी निळं स्वेटर घालून सायकलवर, मागे काकांच्या मुलाच्या मित्राची कार, वहिनी ड्रायव्हरच्या जागेवर. त्यांना आरशात दिवे दिसले, मी दिसलो नाही. मग मी मागच्या मडगार्डला रिफ्लेक्टर आणि पुढे छोटा लुकलुकता दिवा लावला. दिसलो, पण दिव्यांच्या आत दडलेला एक ठिपका, शोधला तर सापडेल असा.

आता क्रम उलटा करून बघा. काका आपल्या जागेवरच राहिले असते आणि पांढरी कार तीन सेकंद त्यांच्या मागे आली असती, तर वहिनींना आरशात दिवे येताना दिसतच राहिले असते. त्या थांबल्या असत्या, कारण दिवे बघून त्या थांबल्याच होत्या. त्या दिव्यांच्या पुढे चाललेले काका सुखरूप निघून गेले असते. म्हणजे मागची गाडी, जिची काकांना भीती वाटली, तीच त्यांचं संरक्षण ठरली असती. हॉर्नने ते काढून घेतलं आणि काकांना सरळ दाराच्या पट्ट्यात ढकललं.

चूक वहिनींची नाही असं मी म्हणत नाही. दार उघडणाऱ्याची जबाबदारी पहिली, आणि वहिनीही तसंच म्हणतात. बाहेरच्या रांगेत गाडी लावली नसती तर दार उघडायचा प्रश्नच आला नसता. पण आरशात एकदा बघणं म्हणजे बघणं नव्हे, हे त्यांना आणि मला त्या रविवारी कळलं.

कड म्हणजे नेमकं काय

इथे थोडं थांबतो, कारण कार चालवणाऱ्या माणसाला सिमेंट रस्त्याची कड माहीत नसते. मलाही सायकल सुरू करेपर्यंत माहीत नव्हती.

सिमेंटचा स्लॅब जिथे संपतो तिथे पुढे गट्टू लागतात. गट्टू दबतात, सिमेंट दबत नाही. दोघांच्या मध्ये एक फट तयार होते, रस्त्याला समांतर, कुठे बोटभर तर कुठे चांगली तळहाताएवढी. 28 इंची सायकलचा टायर दीड इंच रुंद. त्या फटीत चाक गेलं की हँडल वळत नाही आणि माणूस बाजूला पडतो. त्याच कडेला चेंबरची झाकणं, कुठे खाली गेलेली, कुठे वर आलेली. पावसानंतर वाहून आलेली चुरी. उलट्या दिशेने येणारे दुचाकीवाले. आणि उभ्या गाड्यांची दारं. सायकलवाला कडेपासून तीन-चार फूट आत चालतो तेव्हा मागच्या कारवाल्याला तो आडमुठा वाटतो. खरं तर त्याला पुढचं चाक दिसत असतं, आणि कारवाल्याला ते दिसत नसतं.

ब्रिटनमध्येही आपल्यासारखंच डावीकडून चालतात आणि ड्रायव्हर उजवीकडे बसतो. तिथल्या हायवे कोडमध्ये जानेवारी 2022 मध्ये बदल झाले. उभ्या गाड्यांजवळून जाताना सायकलवाल्याने दाराच्या रुंदीएवढं किंवा एक मीटर अंतर सोडावं, असं त्यात लिहिलंय. आणि गाडीतल्या माणसाने दार, दारापासून लांब असलेल्या हाताने उघडावं. ड्रायव्हरने उजवं दार डाव्या हाताने उघडायचं. करून पाहा. डावा हात उजव्या दाराच्या कडीपर्यंत नेताना खांदा वळतो, खांद्याबरोबर मान वळते, आणि डोळे आपोआप आरशाच्या पलीकडे, मागच्या रस्त्यावर जातात. नेदरलँड्समध्ये ही सवय जुनी आहे. पैसा लागत नाही, सायकलचा पट्टा रंगवावा लागत नाही, परवानगी लागत नाही.

पट्ट्यांविषयी एवढंच. 2020 मध्ये केंद्राच्या ‘इंडिया सायकल्स फॉर चेंज’ स्पर्धेत नागपूर उतरलं होतं, रस्त्यांवर सायकलसाठी पट्टे आखून पाहिले गेले. पट्टा हवाच. पण ज्या रस्त्यावर दुकानांसमोर दुहेरी रांग लागते तिथे पट्टा आखला तर तिसरी गाडी त्यावर उभी राहते, हे डोळ्यांनी पाहिलंय.

या शहराला सायकलचं कौतुक नाही असं नाही. आपल्या डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी शर्यत एकट्याने पूर्ण केली तेव्हा अख्ख्या नागपूरला अभिमान वाटला. फुटाळ्यावर, अंबाझरीला पहाटे हेल्मेट घातलेले घोळके दिसतात, मीही त्यांत असतो. आमच्या बाजूने गाड्या जरा जपून जातात, असा माझा अनुभव आहे. संध्याकाळी डबा लावून घरी जाणाऱ्या माणसाच्या बाजूने त्या तशा जात नाहीत. 2011 च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून कामाला जाणाऱ्यांपैकी देशात सुमारे 13 टक्के लोक सायकलने जात होते. ते पहाटेचे नाहीत, संध्याकाळचे आहेत.

कागद

पहिल्या दोन दिवसांत जे घडलं ते बहुतेक घरांत घडतं. काकांच्या हंसळीचं हाड मोडलं होतं, शस्त्रक्रिया लागली नाही, हात गळ्यात बांधून दिला. वहिनींच्या यजमानांनी दवाखान्याचं बिल भरलं आणि दुसऱ्या दिवशी पाकिटात पाच हजार घालून हुडकेश्वरला गेले. मीही बरोबर होतो. मनात वाईट काही नव्हतं, आपसात मिटावं एवढंच.

काकूंनी चहा केला. काका पाकिटाकडे बघत होते, घ्यावं की नाही ते कळत नसावं. मुलगा म्हणाला, “बाबा, तुम्ही काही बोलू नका. दादा, राग मानू नका, पण बाबांचा उजवा हात आहे. कटिंग मशीन उजव्या हातावर चालते. दहा आठवडे म्हणाले डॉक्टर.” मग त्याने हिशोब सांगितला. रोजचे सरासरी सहाशे, आठवड्याचे सहा दिवस, दहा आठवडे: 36,000. डिसेंबर-जानेवारीचं जास्तीचं काम वेगळंच. पाकीट टेबलावर तसंच राहिलं. आम्ही परत आलो तेव्हा गाडीत कोणी बोललं नाही.

वहिनींना मुख्य भीती गुन्ह्याची होती. शाळेतली नोकरी, पोलीस ठाणं, लोक काय म्हणतील. ती भीती मी हलकी समजत नाही. पण मिटवामिटवीत नुकसान दोघांचंही होतं. थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो अशाच वेळेसाठी. सायकलवाला हा त्या विम्यातला थर्ड पार्टीच. वहिनी दरवर्षी हप्ता भरत होत्या आणि भरपाई खिशातून द्यायला निघाल्या होत्या, तीही अपुरी.

एका ओळखीच्या वकिलांशी बोललो तेव्हा तीन गोष्टी कळल्या, त्या इथे सांगून ठेवतो.

उभ्या गाडीच्या दारामुळे झालेला अपघात मोटार अपघातात धरतात का, अशी आम्हाला शंका होती. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये शिवाजी दयानू पाटील विरुद्ध वत्सला उत्तम मोरे या आपल्या महाराष्ट्रातल्याच प्रकरणात ‘वाहनाचा वापर’ या शब्दांचा अर्थ मोठा घेतला. तिथे उलटून पडलेल्या पेट्रोलच्या टँकरचा काही तासांनी स्फोट झाला होता. गाडी चालत असलीच पाहिजे असं नाही, हे त्यात स्पष्ट झालं.

दुसरं, भारतीय न्याय संहितेचं कलम 125. ते गाडी चालवण्यापुरतं नाही, दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात घालणाऱ्या कुठल्याही बेदरकार किंवा निष्काळजी कृत्याला लागतं. हाड मोडणं ही कायद्यात गंभीर दुखापत. म्हणून हे फक्त भांडण नव्हतं, हे वहिनींनीही ऐकून घेतलं.

तिसरं, मुदत. भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत मोटार अपघात न्यायाधिकरणात करावा लागतो. ‘बघू, मिटेल’ करत बसलेल्यांची मुदत निघून जाते.

आणखी एक, जे त्या रात्री आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. मे 2025 पासून केंद्राची योजना आहे. रस्ते अपघातातल्या जखमीला ठरवून दिलेल्या रुग्णालयात पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार मिळतात. सायकलवाल्यालाही. बिल भरण्याआधी विचारायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी वहिनी स्वतः ठाण्यात गेल्या, काकांचा मुलगा बरोबर. दोन पक्ष एकाच रिक्षातून उतरले हे बघून तिथल्या अंमलदारांना नवल वाटलं. जबाब झाले, पंचनामा झाला. काकांच्या सायकलला दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता, हे त्यात आहे आणि विमा कंपनी ते मांडणारच. मांडू दे, ते खरं आहे. अर्ज दाखल आहे, निकाल यायचा आहे. दरम्यान बुडालेल्या मजुरीतले काही पैसे वहिनींनी दर महिन्याला नेऊन दिले, ते काकूंनी घेतले. त्याची नोंद दोन्ही घरांनी वहीत ठेवली आहे, उद्या हिशोबात गोंधळ नको म्हणून.

पांढऱ्या कारचं काय? काहीच नाही. विनाकारण किंवा सतत हॉर्न वाजवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 194एफ खाली गुन्हा आहे, पहिल्या वेळी हजार, पुढे दोन हजार दंड. पण ज्या हॉर्नने एक माणूस दाराच्या पट्ट्यात गेला त्याला कुठल्याही तक्त्यात रकाना नाही. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, त्यात चार हजारांहून जास्त सायकलवर होती. त्यांतल्या किती जणांच्या मागे शेवटी कोणीतरी हॉर्न वाजवत होतं, हे कोणी लिहून ठेवत नाही. तो पांढऱ्या कारवाला घरी जाऊन जेवला असेल. त्याला आजही माहीत नसेल. मी स्वतः असा हॉर्न किती वेळा दिला असेन, आणि आरशात न दिसलेलं मागे काय काय घडलं असेल, या विचाराने मला मधल्या काही रात्री झोप लागली नाही, हे मोकळेपणाने लिहितो.

त्यानंतर

काका मार्चच्या पहिल्या आठवड्यात कामावर रुजू झाले. पहिले पंधरा दिवस मुलाच्या गाडीवर मागे बसून, मग सायकल. मुलाने मागे लाल दिवा आणि मोठा रिफ्लेक्टर लावला, स्वेटरचे दिवस संपले तरी फिकट शर्टच घाला म्हणून तंबी दिली. कानटोपीही पुढच्या हिवाळ्यात कान उघडे राहतील अशी घ्यायची ठरलंय.

वहिनी दार डाव्या हाताने उघडतात. पहिल्या आठवड्यात त्यांनी स्टिअरिंगवर लाल धागा बांधून ठेवला होता आठवणीसाठी, आता धागा नाही. आठवीच्या मुलांना त्यांनी बारा मीटरचं गणित घातलं, वेग आणि वेळ या धड्यात. एका मुलाने विचारलं म्हणे, “बाई, मग हॉर्न कशाला वाजवला?” उत्तर उदाहरणात नव्हतं.

काकांशी मात्र मला एका गोष्टीवर बरंच बोलावं लागलं. ते म्हणायचे, “मोठ्या गाडीले साइड द्या लागते जी. आपली सायकल.” इतक्या वर्षांची सवय. मी त्यांना त्या जागी नेऊन टेप दाखवली. इथे दार येतं. इथून तुम्ही जा. मागचा वाजवेल. वाजवू द्या. रांग संपली की डावीकडे या आणि त्याला जाऊ द्या, हात दाखवून. अडवायचं नाही कोणाला, फक्त दारापुरतं सरकायचं नाही.

त्यांनी ऐकून घेतलं, पटलं की नाही ते कळलं नाही.

एप्रिलच्या शेवटी एका संध्याकाळी मी ऑफिसातून येताना त्याच रस्त्यावर काका पुढे दिसले. माझ्या आणि त्यांच्या मध्ये एक कार होती. औषधाच्या दुकानासमोर दुहेरी रांग, नेहमीसारखी. पुढच्या कारने हॉर्न दिला. काकांची मान किंचित मागे वळली. पुन्हा हॉर्न. सायकल डावीकडे गेली नाही. मागचा लाल दिवा एका रेषेत चालत राहिला, एक गाडी गेली, दुसरी गेली, आणि रांग संपल्याबरोबर काकांनी डावा हात सोडून बाजूला दाखवला, कडेला आले आणि उजव्या हाताच्या बोटांनी हँडल धरूनच मागच्याला ‘या’ म्हणून खूण केली. कार निघून गेली. त्या मागोमाग मीही त्यांच्या बाजूने गेलो, काच खाली करून हाक मारली. कॅरिअरवर डबा होता, नवा, झाकणाला क्लिप असलेला.